टोरांटोतील ट्रामखरेदीचा निधीवाद : सरकारचा काळ आणि शहराचा काळ

१

भारतीय साहित्याच्या अभ्यासकाला ट्राम भेटते ती बहुधा स्मृतीचा विषय म्हणून. सत्यजित राय यांच्या ‘महानगर’ (१९६३) ह्या चित्रपटाची सुरुवात ट्रामचा दांडा आणि वरची तार यांच्या दृश्याने होते. कवी जीवनानंद दास यांचा १९५४ मधील मृत्यू ट्रामच्या धक्क्याने झालेल्या जखमांमुळे ओढवला, आणि त्यांच्याविषयीच्या लेखनात ही घटना पुनःपुन्हा येते. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदरहून दादरला गेली; त्यानंतर ट्राम ही सरलेल्या मुंबईची एक खूण होऊन बसली. ह्या सर्व संदर्भांत ट्राम आधीच रुळांवर उभी असते. ती कोणी विकत घेतली, पैसे कोणी दिले आणि देणाऱ्याने कोणत्या अटी घातल्या, हा प्रश्न साहित्यविचाराच्या कक्षेत सहसा येत नाही.

प्रस्तुत लेखात हा प्रश्न एका उदाहरणाच्या आधारे तपासावयाचा आहे. ते उदाहरण कॅनडातील टोरांटो शहराचे असून २००९ सालचे आहे. त्या वर्षी ह्या शहराने २०४ नव्या ट्रामगाड्या घेण्याचे ठरविले आणि खर्चाचा एक तृतीयांश वाटा संघसरकारने उचलावा अशी मागणी केली. ती मागणी नाकारली गेली. नकाराची वृत्तपत्रीय चर्चा व्यक्तींच्या आणि पक्षांच्या भांडणाभोवती फिरत राहिली. परंतु अर्ज, निकष आणि उत्तर ह्यांना एक संहिता मानून वाचले असता असे दिसते की, वाद जितका पैशांचा होता त्याहून अधिक काळाचा होता. पैसा देणारा ज्या काळात विचार करीत होता तो काळ आणि गाडी ज्या काळात वापरली जाणार होती तो काळ, हे दोन एका अर्जात बसत नव्हते.

२

टोरांटोत घोड्यांची ट्राम १८६१ मध्ये आणि विजेची १८९२ मध्ये धावू लागली. उत्तर अमेरिकेतील बहुतेक शहरांनी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आपापले रूळ उखडून टाकले. टोरांटोच्या परिवहन मंडळानेही १९६६ मध्ये १९८० पर्यंत ट्राम बंद करण्याचे धोरण स्वीकारले होते. नागरिकांच्या एका समितीने त्याविरुद्ध मोहीम चालविली आणि नोव्हेंबर १९७२ मध्ये मंडळाने आपला निर्णय बदलला. ट्राम राहणार म्हटल्यावर नव्या गाड्या लागणार हे ओघानेच आले. त्यानुसार १९७९ पासून १९६ गाड्या आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ५२ अधिक लांबीच्या जोडगाड्या रस्त्यावर आल्या.

म्हणजे २००९ मध्ये ह्यांपैकी सर्वांत जुन्या गाड्यांना तीस वर्षे पूर्ण होत होती. सुटे भाग मिळविणे, गंज काढणे, विजेच्या यंत्रणा चालू ठेवणे हे दिवसेंदिवस महाग होत चालले होते. त्याहून महत्त्वाची अडचण दाराशी होती. ह्या गाड्यांत चढण्यासाठी उंच पायऱ्या होत्या. चाकाच्या खुर्चीवरील प्रवाशाला त्यांत प्रवेशच नव्हता. वृद्धांना आणि बाबागाडी घेऊन येणाऱ्यांना तो कष्टाने मिळे. ऑन्टॅरिओ प्रांताने २००५ मध्ये अपंग व्यक्तींसाठी सुगम्यतेचा कायदा केला आणि २०२५ पर्यंत प्रांत सुगम्य करण्याचे उद्दिष्ट ठेवले. जुनी गाडी दुरुस्त करून हे उद्दिष्ट गाठता येणारे नव्हते. रस्त्याच्या पातळीलगत तळ असलेली वेगळीच गाडी हवी होती.

तशी गाडी तयार मालातून उचलून आणणेही शक्य नव्हते. टोरांटोच्या रुळांमधील अंतर १,४९५ मिलिमीटर आहे. जगभर रूढ असलेल्या अंतराहून ते साठ मिलिमीटरने अधिक. शिवाय वळणे अतिशय तीव्र आणि काही ठिकाणी चढही मोठे. २००८ मध्ये पहिली निविदा निघाली तेव्हा आलेल्या दोन्ही बोली अटींत न बसल्यामुळे फेटाळण्यात आल्या. पुढे वाटाघाटी होऊन एप्रिल २००९ मध्ये बॉम्बार्डिए ह्या कंपनीची निवड झाली. गाड्यांची जुळणी ऑन्टॅरिओ प्रांतातच, परंतु शहरापासून रस्त्याने सुमारे १,४०० किलोमीटर दूर असलेल्या थंडर बे येथील कारखान्यात व्हावयाची होती. सर्व धरून खर्च सव्वाशे कोटी कॅनेडियन डॉलरांच्या आसपास जात होता, आणि कंपनीची बोली २७ जून २००९ पर्यंतच वैध होती.

३

त्याच वर्षी जागतिक मंदीला तोंड देण्यासाठी कॅनडाच्या संघसरकारने जानेवारीतील अंदाजपत्रकात पायाभूत सुविधांसाठी चारशे कोटी डॉलरांचा प्रोत्साहन निधी जाहीर केला. देशभरातील नगरपालिकांनी त्यासाठी अर्ज केले. टोरांटोने केलेला अर्ज मात्र एकच होता, आणि तो ट्रामगाड्यांचा. महापौर डेव्हिड मिलर यांची भूमिका अशी की, शहराला सर्वांत निकडीची गरज हीच आहे, आणि हिच्यामुळे प्रांतातल्या कारखान्याला कामही मिळणार आहे.

संघसरकारचे परिवहनमंत्री जॉन बेअर्ड यांचे उत्तर नकारार्थी होते. निधीचे दोन निकष ह्या अर्जाने पाळलेले नव्हते. पहिला निकष असा की, काम मार्च २०११ च्या अखेरीपर्यंत पूर्ण व्हावे. गाड्यांचा पुरवठा तर त्यानंतर अनेक वर्षे चालणार होता. दुसरा निकष रोजगाराच्या ठिकाणाचा होता. रोजगार अर्जदार शहरात निर्माण व्हावा अशी अपेक्षा असताना येथे तो थंडर बे येथे निर्माण होणार होता. जूनमध्ये नगरपालिकांच्या राष्ट्रीय परिषदेच्या वेळी बेअर्ड यांनी टोरांटोविषयी काढलेले अपशब्द पत्रकारांच्या कानी पडले, त्याचा गवगवा झाला आणि त्यांना महापौरांची माफी मागावी लागली. सत्तेवर असलेल्या पक्षाला २००८ च्या निवडणुकीत टोरांटो शहरातून एकही जागा मिळालेली नव्हती, ह्याचीही आठवण त्या वेळी अनेकांनी करून दिली.

बोलीची मुदत संपण्याच्या आठवडाभर आधी प्रांताने आपला एक तृतीयांश वाटा, म्हणजे सुमारे ४१ कोटी ६० लाख डॉलर, देण्याचे मान्य केले. संघसरकारचा वाटा शिल्लकच राहिला. अखेर २६ जून रोजी, मुदतीच्या आदल्या दिवशी, महापालिका सभेने तो भारही स्वतःवर घेतला. त्यासाठी शहराची इतर भांडवली कामे मागे ढकलण्यात आली, आणि मागे पडलेल्या ह्या लहान लहान कामांसाठी प्रोत्साहन निधी मागावा असा मार्ग निघाला. पुढे शहराने अशा शेकडो कामांची यादी पाठविली आणि तिला निधी मिळालाही. संघसरकारचा पैसा शहरात आला. ट्रामच्या नावाने मात्र आला नाही.

४

ह्या घटनाक्रमातील शेवटचा टप्पा विशेष विचारात घेण्यासारखा आहे. शहर तेच, देणारे सरकार तेच, निधीही तोच. बदलली ती फक्त अर्जाची संहिता. एका दीर्घ कामाच्या जागी अनेक अल्पमुदतीची कामे मांडली गेली आणि नकाराचा होकार झाला. म्हणजे निधीच्या नियमांना शहराविषयी आकस असण्याची गरज नव्हती. त्यांना एका विशिष्ट प्रकारचे कथन हवे होते. त्या कथनाला निश्चित प्रारंभ हवा, दोन वर्षांच्या आत शेवट हवा आणि सर्व कृती एकाच स्थळी घडावयास हवी. पाश्चात्त्य नाट्यविचारातील स्थळ, काळ आणि कृती यांच्या ऐक्याचा नियम येथे कार्यालयीन रूपात अवतरलेला आहे, असे म्हटल्यास ती केवळ कोटी ठरू नये.

संघसरकारची बाजू येथे न्यायाने मांडली पाहिजे. मंदीच्या काळात बेकारांच्या हाती तत्काळ काम देणे हा त्या निधीचा हेतू होता. दहा वर्षांनी पूर्ण होणारी खरेदी त्या हेतूला उपयोगी नाही, हे म्हणणे आपल्या जागी बरोबरच होते. इतर असंख्य नगरपालिकांनी नियम पाळले असताना एका मोठ्या शहराला अपवाद का करावा, हाही प्रश्न रास्त होता. उलट शहराची बाजू अशी की, रस्ता, जलवाहिनी किंवा ट्राम ही साधने एका पिढीने विकत घेऊन दुसरीने वापरावयाची असतात. तीस वर्षे चालणाऱ्या गाडीचे मूल्य दोन वर्षांच्या मापाने मोजले तर ती नेहमीच नापास होईल. दोन्ही बाजू आपापल्या कालगणनेत सुसंगत होत्या. संघर्ष होता तो दोन कालगणनांमधला, आणि त्यांचा समेट घडविणारी कोणतीही तिसरी जागा व्यवस्थेत नव्हती.

मिखाईल बाख्तीन यांनी कादंबरीविचारात मांडलेली कालावकाशाची संकल्पना येथे उपयोगी पडते. काळ आणि अवकाश ही कथनाची दोन स्वतंत्र अंगे नसून ती परस्परांत गुंतलेली असतात, असे त्या संकल्पनेचे सार आहे. निधीच्या निकषांत नेमके हेच घडलेले दिसते. ‘दोन वर्षांत’ आणि ‘ह्याच शहरात’ ह्या वरवर वेगळ्या भासणाऱ्या अटी एकत्र येऊन एक विशिष्ट जग उभे करतात. त्या जगात थंडर बे येथे जुळणारी आणि टोरांटोत तीस वर्षे चालणारी गाडी मावत नाही.

५

हा विसंवाद २००९ मध्ये निर्माण झाला असे समजणे चुकीचे ठरेल. १८९१ मध्ये टोरांटोने ट्राम चालविण्याचा मक्ता एका खाजगी कंपनीला तीस वर्षांसाठी दिला. पुढे शहराची हद्द वाढली. नव्या वस्त्यांत रूळ टाकण्यास कंपनीने नकार दिला. मक्त्याच्या वेळी जी हद्द होती तेवढ्यापुरतेच आपण बांधील आहोत असे तिचे म्हणणे होते आणि न्यायालयीन लढाईत ते टिकले. मक्ता संपत आला असताना नवा खर्च करण्यात कंपनीला लाभ नव्हता. शेवटी शहराने स्वतःची वेगळी ट्रामव्यवस्था बांधावयास घेतली, आणि १९२१ मध्ये मक्ता संपताच सर्व जाळे सार्वजनिक मंडळाकडे आले. येथेही पैसा लावणाऱ्याची मुदत आणि शहराच्या वाढीची मुदत जुळत नव्हती. नकाराची भाषा तेव्हा कराराची होती, २००९ मध्ये ती निकषांची होती.

मुंबईचा इतिहास ह्याला समांतर आहे. १९०५ मध्ये ज्या कंपनीला मुंबईत वीज आणि ट्राम यांचा मक्ता मिळाला, तिच्याकडून महापालिकेने ७ ऑगस्ट १९४७ रोजी, म्हणजे बेचाळीस वर्षांनी, हा व्यवसाय आपल्या ताब्यात घेतला. मुंबईने ट्राम मिळविली आणि सतरा वर्षांत ती बंद केली. टोरांटोने मिळविली, मोडावयास काढली आणि पुन्हा राखली. दोन्ही शहरांच्या वाटा भिन्न असल्या तरी शहराच्या रस्त्याचे आयुष्य दुसऱ्या कोणाच्या तरी करारपत्रातील वर्षांनी मोजले जाणे हे दोहोंत समान आहे.

ह्याचे मूळ घटनात्मक रचनेत आहे. कॅनडाच्या १८६७ च्या घटनाकायद्यानुसार नगरपालिका हा प्रांतांच्या अधिकारातील विषय आहे. शहराला स्वतःचे घटनात्मक अस्तित्व नाही. प्राप्तिकर आणि विक्रीकर हे उत्पन्नाचे मोठे स्रोत संघाकडे आणि प्रांताकडे. शहराच्या वाट्याला मुख्यतः मालमत्ता कर आणि प्रवाशांचे भाडे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस प्रांताने परिवहनाच्या चालू खर्चाचे अनुदान काढून घेतल्यावर ही ओढाताण अधिकच वाढली. प्रांताचा अधिकार किती दूरवर जातो हे २०१८ मध्ये दिसले. निवडणुकीची प्रक्रिया सुरू असतानाच टोरांटोचे नियोजित ४७ प्रभाग प्रांताने २५ वर आणले, आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते वैध ठरविले. ज्याला घटनेत स्वतःचा आवाज नाही त्याला अर्जाच्या भाषेतच बोलावे लागते, आणि अर्जाची भाषा तर देणारा ठरवितो.

६

तुलनेसाठी त्याच महिन्यांतील भारताचे उदाहरण घेता येईल. जानेवारी २००९ मध्ये भारत सरकारनेही मंदीवरील उपाययोजनांचा एक भाग म्हणून जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियानातून शहरांना बसगाड्या घेण्यासाठी एकवार साहाय्य देऊ केले. त्याचीही मुदत ३० जून २००९ पर्यंत होती. पुढे ह्या योजनेखाली देशभर पंधरा हजारांहून अधिक बसगाड्या मंजूर झाल्या. चाळीस लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांना खर्चाच्या ३५ टक्के केंद्रीय वाटा मिळावयाचा होता.

एकाच महिन्यात संपणाऱ्या दोन मुदतींपैकी एकीत वाहने बसली, दुसरीत बसली नाहीत. ह्यावरून भारत सरकार अधिक उदार होते असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. बस ही प्रचलित रस्त्यावर चालते, तिचे आयुष्य ट्रामच्या मानाने कमी असते आणि कारखान्यातून ती लवकर बाहेर पडते. प्रोत्साहन निधीच्या कालावकाशात ती सहज सामावते. म्हणजे निधी केवळ शहरांची निवड करीत नाही. तो वाहनाचीही निवड करतो, आणि वाहनामार्फत शहराच्या घडणीची. आपल्याकडे १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना घटनेत स्थान मिळाले, तरी त्यांच्या तिजोरीचे परावलंबित्व संपले नाही. त्यामुळे शहराने काय घ्यावे हे मुदतीवरून ठरण्याचा प्रकार घटनात्मक मान्यतेनेही टळत नाही, हे ह्या तुलनेतून लक्षात यावे.

७

टोरांटोच्या सार्वजनिक बांधकामांची सर्वश्रुत साहित्यकृती म्हणजे मायकेल ओंडाची यांची ‘इन द स्किन ऑफ अ लायन’ (१९८७) ही कादंबरी. १९१८ मध्ये खुला झालेला ब्लूर मार्गावरील पूल तिच्या केंद्रस्थानी आहे. शहराचे बांधकाम आयुक्त आर. सी. हॅरिस हे त्यात एक पात्र म्हणून येतात आणि त्यांच्या समोर मॅसिडोनियासारख्या दूरच्या प्रदेशांतून आलेले, अधिकृत नोंदींत ज्यांची नावे सापडत नाहीत असे कामगार उभे राहतात. प्रत्यक्ष इतिहासात ह्या पुलाखाली भावी रेल्वेसाठी जादा मजला बांधण्यात आला. त्यावरचा अधिक खर्च तेव्हा वादाचा ठरला होता; १९६६ मध्ये भुयारी रेल्वे त्याच मजल्यावरून धावू लागली. जवळजवळ अर्धशतक रिकामा राहिलेला तो मजला दोन वर्षांच्या निकषात कधीच बसला नसता.

कादंबरी आणि २००९ ची कागदपत्रे एकत्र वाचली असता एक गोष्ट जाणवते. ओंडाची यांनी पुलाच्या कथेत बांधणाऱ्यांना जागा दिली. ट्रामच्या वादात वापरणाऱ्यांना तशी जागा कोणी दिली नाही. शहर, प्रांत आणि संघ ह्या तिघांचे म्हणणे नोंदले गेले. निकषांत रोजगाराचा विचार होता, मुदतीचा होता. पायरीशी थांबलेला, चाकाच्या खुर्चीवरचा प्रवासी मात्र ह्या संवादात क्वचितच कर्ता म्हणून येतो. ज्याच्या प्रतीक्षेचा काळ सर्वांत मोठा होता, त्याचा काळ कोणत्याच रकान्यात मोजला गेला नाही.

८

पुढील घटनांनी दोन्ही बाजूंना थोडेथोडे खरे ठरविले. पहिल्या नव्या गाड्या ३१ ऑगस्ट २०१४ रोजी स्पडायना मार्गावर धावल्या. कारखान्याकडून पुरवठा ठरल्यापेक्षा फार मागे पडला, काही गाड्या जोडणीतील दोषांमुळे परत पाठवाव्या लागल्या, आणि २०४ वी गाडी जानेवारी २०२० मध्ये आली. दोन वर्षांत हे काम होणे नाही, हे संघसरकारचे म्हणणे त्यामुळे शब्दशः खरे ठरले. जुन्या, उंच पायऱ्यांच्या गाड्यांची अखेरची फेरी २९ डिसेंबर २०१९ रोजी झाली. म्हणजे ती गरज खरोखरीच लांबणीवर टाकता येणारी नव्हती, हे शहराचे म्हणणेही खरे ठरले.

मे २०२१ मध्ये आणखी ६० गाड्यांसाठी संघसरकार आणि प्रांत यांनी प्रत्येकी १८ कोटी डॉलरपर्यंत साहाय्य जाहीर केले. ह्याही गाड्या थंडर बे येथेच बनणार होत्या. तेथील कामगारांना मिळणारा रोजगार हे ह्या वेळी साहाय्याचे ठळक कारण म्हणून सांगण्यात आले. २००९ मध्ये जो कारखाना अर्जातील उणीव ठरला होता, तोच बारा वर्षांनी त्याचे बळ ठरला. गाडी तीच, कारखानाही तोच. बदलले होते ते सत्तेवरचे पक्ष, निधीचे नियम आणि त्या नियमांनी मागितलेले कथन.

शहरविषयक साहित्याच्या तौलनिक अभ्यासात आपण रस्ता, चाळ, गिरणी आणि रेल्वे यांची रूपे तपासतो. ती रूपे ज्या कागदांतून निघाली ते अर्ज, ठराव आणि करारपत्रे यांनाही वाचनाच्या कक्षेत घेणे आवश्यक आहे. ही कागदपत्रे कोणत्या काळात विचार करतात, कोणाला बोलू देतात आणि कोणाला प्रतीक्षेत ठेवतात, हे प्रश्न कादंबरीला विचारले जातात तसेच त्यांनाही विचारता येतात. टोरांटोचे उदाहरण येथे मांडले ते ह्याच दृष्टीने. मुंबई आणि कोलकाता येथील ट्रामविषयक दप्तरांचे असे वाचन झाल्यास स्मृतीच्या अंगाने होणाऱ्या विवेचनाला ते पूरक ठरेल.